उघड्यावरचा ट्रॅक्टर आणि ओंटारिओचा हिवाळा

अळूवडी | १४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मंडळी, शेतीच्या विभागात लिहायची ही माझी पहिलीच वेळ. सांभाळून घ्या.

आम्ही राहतो कॅनडात, ओंटारिओच्या ग्रे काउंटीत. एका अंगाला ह्युरॉन सरोवर, दुसऱ्या अंगाला जॉर्जियन बे. गार वारा त्या पाण्यावरून आला की बर्फ नुसता ओततो. जानेवारीत काही रात्री पारा उणे पंचवीसच्या खाली जातो.

दोन वर्षांपूर्वी घरासकट १२ एकर घेतले. सोबत एक जुनं लाकडी कोठार होतं, ते गेल्या मार्चमध्ये बर्फाच्या ओझ्याने बसलं. पायाची दगडी भिंत तेवढी उभी आहे. ऑगस्टमध्ये ट्रॅक्टर घेतला. जुना, ३२ हॉर्सपॉवरचा, पुढे लोडर. गवत कापायला आणि माती ओढायला. बर्फ काढायला एक माणूस ठरवलेला आहे, पण तो आला नाही तर २०० मीटरची वाट मोकळी करायला ट्रॅक्टरच. आणि ट्रॅक्टरला छप्पर नाही. शेडचे पैसे पुढच्या वर्षी.

माझे आप्पा संगमनेरजवळ शेती करायचे. आमचा ट्रॅक्टर बारा महिने लिंबाखाली. सायलेन्सरवर डालड्याचा डबा उपडा घातला की झालं. त्यांना फोन केला तर म्हणाले, "ताडपत्रीत गुंडाळ, खालून दोरीनं आवळ, अन् आठवड्याला एकदा पाच मिनिटं चालू करत जा." इथले शेजारी आजोबा, सत्तरीचे, गाईवाले, ते म्हणतात झाकूच नकोस. ज्याच्याकडून घेतला तो विक्रेता म्हणतो, आमच्या आवारात आणून ठेवा, महिन्याचं भाडं भरा. तिघांची तीन तोंडं.

टाकीत अर्ध्याच्या वर डिझेल आहे. शेजारच्या आजोबांच्या शेतटाकीतलं लाल डिझेल, सप्टेंबरात भरलेलं (इथे शेतीच्या बिनकराच्या डिझेलला लाल रंग घालतात). मागच्या टायरांत काहीतरी पातळ भरलंय, ट्रॅक्टर हलला की डुचमळतं. काय आहे विचारलं तर विक्रेता म्हणाला, "असेल काहीतरी." बॅटरी घरात आणू का? आणि उंदरांचं काय करू? गेल्या हिवाळ्यात त्यांनी आमच्या गाडीच्या वायरी खाल्ल्या.

शंकासुर | १४ ऑक्टोबर, रात्री १०:०२

सोपं आहे. रोज रात्री ओव्याची धुरी द्या आणि कानटोपी घाला. ट्रॅक्टरला.

पिंपळगावकर | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

ताई, आप्पांचा मान राखून सांगतो, ताडपत्रीत आवळू नका. मी हे पैसे घालवून शिकलोय.

आमचा निफाड तालुका, द्राक्षाचा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा हिवाळ्यात रोज पेपरात येतो. पारा चार-पाच अंशांवर आला की आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो. तुमच्या उणे पंचवीसपुढे हे म्हणजे पोरखेळ, पण दव इकडेही पडतं. तीन वर्षांपूर्वी घरात लग्न होतं, म्हणून फवारणीच्या ब्लोअरचा ट्रॅक्टर वीस दिवस उभा ठेवला. कांद्यावरची निळी प्लास्टिकची ताडपत्री वरून टाकली आणि खाली ठिबकच्या जुन्या नळीने चांगली आवळली. घरचे म्हणाले, शाबास.

वीस दिवसांनी सकाळी सोडली तर आतून पाणी ठिपकत होतं. वरून थेंब आला नव्हता, ताडपत्री धड होती. ते पाणी जमिनीतलं. दिवसा उन्हाने खालची ओल वर यायची, रात्री ताडपत्रीला आतून चिकटायची आणि तिथून ट्रॅक्टरवर गळायची. सीटला बुरशी, बॅटरीच्या टोकांना हिरवा भुगा, डॅशबोर्डच्या काचेच्या आत धुकं. शेजारी त्याच वीस दिवसांत बिनझाकलेली ट्रॉली उभी होती, तिला काही झालं नाही.

सोनचाफा | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

दापोलीहून अनुमोदन. आमच्याकडे हिवाळा नाही, पण चार महिने पाऊस आहे आणि ओल ती ओलच. पॉवर टिलरवर आम्ही झावळ्यांचा मांडव घालतो. वर छप्पर, चारी बाजू मोकळ्या.

ताई, क्लचचं बघा. आमच्या भावोजींचा ट्रॅक्टर एका पावसाळ्यात नुसता उभा राहिला. गणपतीनंतर काढायला गेले तर क्लच दाबूनही गिअर पडेना. क्लचची प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली होती. मेकॅनिकने गाडी मधून दोन भागांत फोडली तेव्हा सुटली. तेव्हापासून आम्ही उभा करताना क्लच पेडल पूर्ण दाबून लाकडाचा ठोकळा अडकवतो. प्लेट मोकळी राहते.

प्रेअरीचा_पाटील | १५ ऑक्टोबर, रात्री ८:५० (तुमच्याकडे १०:५०)

अळूवडी, मी कॅनडातच, सस्काचेवान प्रांतात, गव्हाच्या एका मोठ्या शेतावर यंत्रं सांभाळतो. इथे उणे चाळीसही होतं. जरा सविस्तर लिहितो.

आधी एक ठरवा. ट्रॅक्टर झोपवायचाय की जागता ठेवायचाय? दोन्हीची तयारी वेगळी. तुम्ही म्हणता तसा 'लागला तर काढू' असा ठेवायचा असेल, तर जागता समजूनच तयारी करा. बर्फ पडायच्या दिवशीच डिझेल गोठल्याचं कळतं.

तुमचं सप्टेंबरातलं डिझेल म्हणजे उन्हाळी डिझेल. त्यात मेण असतं. आपल्याकडे डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली कशी पांढरी होऊन बसते? तसंच. साधारण उणे दहाच्या आसपास डिझेल गढूळ व्हायला लागतं. मेणाचे बारीक कण फिल्टरच्या कागदावर बसतात, इंजिनला डिझेल पोचत नाही. टाकीतलं पातळ दिसतं म्हणून माणूस बॅटरी संपेपर्यंत चावी फिरवत बसतो. पंपावर हिवाळ्यात मिळतं ते डिझेल थंडीसाठी बदललेलं असतं, पण शेतटाकीत पडून राहिलेलं आपोआप बदलत नाही. तेव्हा आहे ते गवत कापण्यात जाळून संपवा. टाकी खाली आली की नोव्हेंबरच्या मध्यानंतर पंपावरून हिवाळी डिझेल काठोकाठ भरा आणि अर्धा तास चालवा, म्हणजे नळ्यांत आणि फिल्टरमध्येही नवं पोचेल. हे अर्ध्या तासाचं लोक विसरतात. टाकीत हिवाळी, फिल्टरात उन्हाळी, मग कपाळाला हात.

काठोकाठ अशासाठी की रिकाम्या टाकीत हवा असते, हवेत बाष्प, आणि ते रात्री पत्र्याला आतून धरतं. पिंपळगावकरांच्या ताडपत्रीचीच गोष्ट. फिल्टरखाली पाणी साचायची वाटी असेल तिचा स्क्रू सैल करून खालचं पाणी काढा. तेवढं चमचाभर पाणी गोठलं तरी वाट बंद होते.

आठवड्याला पाच मिनिटं चालू करणं हा सल्ला इथेही सगळे देतात आणि तो चुकीचा आहे. पाच मिनिटांत इंजिन गरम होत नाही, पण डिझेल जळून तयार झालेलं पाणी आतच राहतं आणि ऑइलमध्ये उतरतं. ऑइलचं झाकण उघडून बघा, आतून सायीसारखा पांढुरका थर दिसला तर समजायचं. चालू केलाच तर कामाला लावा, अर्धा-पाऊण तास, चांगला तापेपर्यंत. नाहीतर हात लावू नका.

टायर आणि कूलंटचं उद्या. उद्या पहाटे चारला ड्यूटी आहे.

सांगलीकर | १६ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

वाचतोय. आमच्याकडे हिवाळा म्हणजे उसाचा हंगाम. ट्रॅक्टर उघड्यावरच, पण दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याच्या रांगेत, थंड व्हायला वेळच मिळत नाही. ऑइलच्या सायीचा मुद्दा मात्र नवीन कळला. आमचा जुना ट्रॅक्टर नुसता अंगणात पुढे-मागे करतात, त्याच्या झाकणाला हे असतं.

फौजी | १६ ऑक्टोबर, दुपारी १:२०

जय हिंद. लातूरहून लिहितो. ईएमईमध्ये (लष्कराची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणारं दल) नोकरी झाली, त्यातली दोन वर्षं लडाखला.

त्या काळी तिकडे डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचे. पहाटे टाकीखाली स्टोव्ह पेटवून ठेवलेलाही बघितलाय. कुणी करू नका, ताई तुम्ही तर नाहीच. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं, उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारं. आमच्या वेळी ते असतं तर बोटं वाचली असती.

कूलंटबद्दल माझीच चूक सांगतो. एक जुना डिझेल पंप होता, साध्या पाण्यावर थंड होणारा. रात्री त्यातलं पाणी काढून टाकायचं, सकाळी कोमट भरायचं, असा शिरस्ता. एका रात्री मी रेडिएटरचा कॉक उघडला, पाणी पडताना बघितलं आणि निघालो झोपायला. इंजिनच्या ब्लॉकचा, म्हणजे बिडाच्या मुख्य अंगाचा, कॉक वेगळा असतो, तो राहिला. सकाळी ब्लॉकला उभी चीर. डोळ्याला केसाएवढी, नख फिरवलं की अडकायचं. पाण्याचं बर्फ होताना ते नऊ टक्के फुगतं, आणि बिडाला फुगणं माहीत नाही. साहेब काही बोलले नाहीत. तो ब्लॉक त्यांनी महिनाभर माझ्या बराकीच्या दारात ठेवून दिला होता, तेवढंच.

प्रेअरीचा_पाटील | १६ ऑक्टोबर, रात्री ९:१०

फौजी काका, कडक.

अळूवडी, जुना ट्रॅक्टर घेतलाय तर आधीच्या मालकाने रेडिएटरमध्ये काय भरलंय यावर विश्वास ठेवू नका. उन्हाळ्यात पातळी कमी झाली की लोक नळाचं पाणी ओततात. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते उणे ३७ पर्यंत टिकतं. मग काही शहाणे म्हणतात, नुसतं कूलंटच भरतो. तसंही नाही. निव्वळ ग्लायकॉल उणे तेराच्या आसपासच गोठतं. पाण्यात मिसळलं तरच खाली जातं. तपासायला रिफ्रॅक्टोमीटर मिळतो, काचेवर एक थेंब टाकायचा, डोळ्याला लावून उजेडाकडे बघायचं, रेघ कुठे येते ते वाचायचं.

आणि सांडलेलं कूलंट तसंच सोडू नका. चव गोड असते, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

पिंपळगावकर | १७ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

अहो, हा तर आमचा ब्रिक्स मीटर! द्राक्षाच्या मण्याचा रस टाकून गोडी बघतो तोच.

प्रेअरीचा_पाटील | १७ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

तोच. तत्त्व एकच, फक्त आतली पट्टी वेगळी. द्राक्षाचा वापरू नका आणि कूलंटचा परत मण्यांना लावू नका.

आता टायर. मागच्या टायरात वजनासाठी पातळ भरतात. आपल्याकडे साधं पाणी चालतं, इथे चालत नाही. बहुतेक ठिकाणी कॅल्शियम क्लोराइडचं पाणी असतं. ते गोठत नाही, पण व्हॉल्व्हमधून झिरपलं तर रिम खाऊन टाकतं. काहीजण काच पुसायचं निळं पाणी भरतात. काय भरलंय ते ओळखायचं असेल तर चाक फिरवून व्हॉल्व्ह खाली आणा, पिन हळूच दाबा आणि वाटीत थोडं घ्या. तोंड बाजूला ठेवा, जोरात येतं. मग ती वाटी रात्रभर फ्रीझरमध्ये. बर्फाचा खडा झाला तर साधं पाणी.

अळूवडी | १९ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१५

वाचून चक्रावले होते, पण आज शनिवार, म्हणून एकेक करायला घेतलं.

टायरची मजा सांगते. नवऱ्याला ट्रॅक्टर इंचाइंचाने पुढे घ्यायला लावला, व्हॉल्व्ह खाली आला, मी स्टीलची वाटी धरून पिन दाबली. आधी हवा, मग फुर्र करून गडद तपकिरी चिकट काहीतरी. हातावर उडालं. नवरा म्हणाला, ऑइल आहे. मी नाकाशी नेलं आणि मला एकदम आमच्या संगमनेरच्या कारखान्याच्या रस्त्यावर, सायकलवर, नाकाला रुमाल बांधून असल्यासारखं झालं. मळी! शंभर टक्के मळीचा वास. बारावी होईपर्यंत रोज घेतलाय, चुकणार नाही.

फ्रीझरमध्ये सकाळपासून ठेवली होती. घट्ट झाली, काकवीसारखी, पण गोठली नाही. ट्रॅक्टरच्या टायरात मळी कुणी भरली?

प्रेअरीचा_पाटील | १९ ऑक्टोबर, रात्री ८:०५

हा हा! नाक मानलं तुमचं. मळीच आहे, उसाची नाही, बीटाची. साखरेच्या बीटातून साखर काढून उरलेला रस, इथे टायरात भरायला विकतात. पाण्यापेक्षा तीस टक्के जड, उणे पस्तीसपर्यंत गोठत नाही, रिम गंजवत नाही. आधीचा मालक हौशी होता. टायरची काळजी सोडा.

सांगलीकर | १९ ऑक्टोबर, रात्री ८:५०

आमच्या चेअरमनसाहेबांना हा धागा दाखवू नका. टायरात मळी भरायची योजना काढतील.

आयटीतला_शेतकरी | २० ऑक्टोबर, दुपारी १२:००

इथे बोटी हिवाळ्यात पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गरम करून आवळतात, तसं ट्रॅक्टरला करता येईल का?

प्रेअरीचा_पाटील | २० ऑक्टोबर, दुपारी १:१०

करतात, पण त्याला हवेची भोकं ठेवावी लागतात. आणि मधे ट्रॅक्टर लागला तर सगळं फाडायचं. यांच्या उपयोगाचं नाही.

अळूवडी | २० ऑक्टोबर, दुपारी ४:३०

मग झाकण्याचं काय ठरलं? एक विचार आलाय. पडलेल्या कोठाराची दगडी भिंत आठ फूट उंच आहे. वारा वायव्येकडून येतो. भिंतीच्या आडोशाला, आग्नेय बाजूला लावला तर वारा लागणार नाही. भिंतीला टेकवून चार वासे टाकायचे आणि वर ताडपत्री, सोनचाफाच्या मांडवासारखी. बाजू मोकळ्या.

प्रेअरीचा_पाटील | २० ऑक्टोबर, रात्री ९:००

मांडव चांगला, जागा वाईट. वारा भिंतीवरून उडी मारतो आणि पलीकडे उतरताना हातातलं ओझं टाकतो. बर्फाचा सगळ्यात उंच ढीग भिंतीच्या आडोशालाच साचतो. यंदाच्या पहिल्याच वादळात ट्रॅक्टर गाडला जाईल आणि सपाट ताडपत्री त्याच्यावर बसेल. बारा फुटी मांडवावर ओला बर्फ साचला की तो काही शे किलो होतो, तुमचं कोठार असंच गेलं. भिंतीपासून चांगला लांब लावा, वारा वाहत राहील अशा उघड्या जागी. तिथे बर्फ टिकत नाही, पुढे उडून जातो. आणि तोंड वाटेकडे. जानेवारीत उलटा वळवत बसायला लागू नये.

सोनचाफा | २१ ऑक्टोबर, सकाळी ८:४५

मग मांडव रद्द?

पिंपळगावकर | २१ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

माझं मत, नुसतं डॅशबोर्ड आणि सीटपुरतं झाका. कॅनव्हासचं कापड, प्लास्टिक नको, आणि खालून मोकळं. इंजिनला पत्रा आहेच. पाणी कुठून आत जातं तेवढंच बुजवायचं.

प्रेअरीचा_पाटील | २१ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:००

पिंपळगावकरांशी सहमत. आणि सगळ्यात मोठं भोक सायलेन्सरचं. तुमचा वर उभा आहे का? मग आप्पांचा डालड्याचा डबा ही या धाग्यातली सर्वोत्तम सूचना आहे. इंजिन थांबतं तेव्हा एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडाच राहतो. वितळलेला बर्फ सायलेन्सरमधून थेट तिथे उतरतो. रिंगा गंजतात, किंवा पाणी भरलेलं असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

बाकी भराभर. सगळ्या निप्पलांना नवं ग्रीस मारा, जुनं बाहेर येईपर्यंत, म्हणजे त्याबरोबर पाणीही येतं. लोडरच्या सिलिंडरचे चकचकीत रॉड उघडे राहत असतील तर त्यांना हाताने ग्रीसचा थर द्या. बकेट खाली टेकवा, पण फळीवर. जमिनीवर टेकवली तर जमिनीसकट गोठते. चाकंही फळ्यांवर. हँडब्रेक ओढू नका, आत गोठून चिकटतो. चाकांना उटी लावा. ऑइल आणि फिल्टर आत्ताच बदला, हिवाळ्यानंतर नाही. जुन्या ऑइलमधली आम्लं सहा महिने बेअरिंगला चाटत बसतात. १५डब्ल्यू-४० ऑइल असेल तर थंडीत जास्त पातळ राहणारं ५डब्ल्यू-४० भरा, पुस्तिकेत बघून.

बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर उणे पन्नासलाही गोठत नाही. उतरलेली बॅटरी उणे दहालाच गोठून फुटते. त्यामुळे 'घरात की बाहेर' पेक्षा 'भरलेली की उतरलेली' हा प्रश्न. पण ट्रॅक्टर अधूनमधून लागणार म्हणता, तर काढून तळघरात ठेवा. उबदार बॅटरी बसवली की निम्मं काम होतं. उणे अठराला तीच बॅटरी जेमतेम अर्धा जोर देते, आणि नेमकं तेव्हाच इंजिन जास्त मागतं. काढताना आधी ऋण टोक.

अळूवडी | २२ ऑक्टोबर, रात्री १०:३०

उटी! हा शब्द एसटीच्या कंडक्टरनंतर आज वाचला. घाटात गाडी थांबली की क्लीनर उडी मारून दगड लावायचा, आणि मागून कुणीतरी ओरडायचं, "उटी लागली का रं?"

उंदरांचं कुणीच बोलेना.

शंकासुर | २२ ऑक्टोबर, रात्री १०:४१

मांजर पाळा.

अळूवडी | २२ ऑक्टोबर, रात्री १०:४४

आहे. उंदीर आणि ती एकाच हीटरजवळ बसतात.

सोनचाफा | २३ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

भांडी घासायच्या तारेच्या घासण्या घ्या, साबणाच्या नकोत. एअर फिल्टरच्या तोंडात आणि जिथे बोट जाईल तिथे घट्ट कोंबा. कुरतडता येत नाही. ट्रॅक्टरभोवती दहा फूट गवत अगदी बोडकं करा, उंदीर उघड्यावरून पळायला घाबरतो. डांबर गोळ्यांचा माझा अनुभव काही चांगला नाही, आठवड्यात वास उडतो आणि त्यानंतर उंदीर त्यांच्याशी गोट्या खेळतात.

पण कुठे कुठे काय कोंबलंय ते लिहून ठेवा.

फौजी | २३ ऑक्टोबर, दुपारी २:००

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. आम्ही लाल फडकं चावीला बांधायचो आणि त्याला चिठ्ठी: फिल्टरचं तोंड, सायलेन्सर, क्लचचा ठोकळा, उटी. चिठ्ठी वाचल्याशिवाय चावी लागत नाही.

अळूवडी | ३० नोव्हेंबर, संध्याकाळी ५:२०

धागा वर काढते. झालं सगळं.

ट्रॅक्टर मोकळ्या जागी, फळ्यांवर, तोंड वाटेकडे. टाकी हिवाळी डिझेलने काठोकाठ. कूलंट तपासलं तर उणे १८ निघालं! म्हणजे आधीच्या मालकाने पाणी ओतलं होतंच. सगळं काढून नवं निम्मं-निम्मं भरलं, ब्लॉकचा कॉक आठवणीने उघडला, फौजी काका. क्लचला सफरचंदाच्या लाकडाचा ठोकळा. सीटवर कॅनव्हास. सायलेन्सरवर डालडा इथे कुठून आणणार, टिम हॉर्टन्सच्या कॉफीचा रिकामा डबा घातलाय. बॅटरी तळघरात, मांजरीशेजारी. चावीला लाल फडकं.

शेजारच्या आजोबांनी ब्लॉक हीटर बसवून दिला. इंजिनच्या अंगातच बसतो, ४०० वॉटचा. सुरू करायच्या आधी तीन तास लावून ठेव म्हणाले, रात्रभर नको, उगाच हायड्रोचं बिल येईल. (ओंटारिओत विजेला हायड्रो म्हणतात. आल्या आल्या मला वाटायचं पाण्याचं बिल एवढं कसं.)

आप्पांना फोटो पाठवला. म्हणाले, "उघडाच ठेवलास की गं."

प्रेअरीचा_पाटील | ३० नोव्हेंबर, रात्री ८:१५

उत्तम. एकच राहिलं. अगदीच सुरू झाला नाही तर ईथरचा फवारा मारायचा मोह होईल, दुकानात समोरच ठेवलेला असतो. तुमच्या इंजिनला ग्लो प्लग आहेत, सुरू करण्याआधी सिलिंडर आतून तापवणारे. तापलेल्या प्लगवर ईथर गेलं तर आत स्फोट होतो. हीटर लावा आणि थांबा.

अळूवडी | २३ जानेवारी, दुपारी ३:४०

काल लागला!

तीन दिवस सरोवराचा बर्फ पडत होता. वाटेवर कंबरेएवढा. बर्फ काढणाऱ्याचा फोन लागेना. सकाळी उणे २६. सातला ब्लॉक हीटर लावला, लांब वायर खिडकीतून. दहाला तळघरातली कोमट बॅटरी दुलईत गुंडाळून नेली, लहान बाळ नेल्यासारखी. नवरा गिअर न्यूट्रल करून बसला, मी घासण्या उपसल्या, उट्या काढल्या, ठोकळा काढला. ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबलो. चावी फिरवली. दोन वेळा कण्हला आणि तिसऱ्याला...

धाडकन आवाज झाला. कॉफीचा डबा सायलेन्सरवरून आपटबारासारखा उडाला आणि घराच्या छपरावरून पलीकडे गेला. चिठ्ठीवर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: 'सायलेन्सरचा डबा काढा.' पण नवऱ्याने घाईत दुसरी चावी घेतली होती. फडकं नसलेली.

ट्रॅक्टर मात्र सुरू. लोडर पहिली दहा मिनिटं म्हशीसारखा हलत होता, ऑइल तापल्यावर आला वळणावर. बकेट फळीवरून सहज उचलली गेली. पाऊण तासात वाट मोकळी, आणि मुद्दाम आणखी पंधरा मिनिटं शेजारच्या आजोबांच्या दारातलाही काढला, साय धरू नये म्हणून.

पिंपळगावकर | २३ जानेवारी, संध्याकाळी ७:०० (भारतीय वेळ २४ जानेवारी, पहाटे ५:३०)

भले शाब्बास! इकडे शेकोटीपाशी बसून वाचलं. आज साडेपाच अंश. आता म्हणायची लाज वाटते.

शंकासुर | २३ जानेवारी, रात्री ८:१०

डबा सापडला का?

अळूवडी | २३ जानेवारी, रात्री ८:१६

नाही. पलीकडे चार फूट बर्फ आहे. एप्रिलमध्ये बघू. तोवर सायलेन्सरवर लोणच्याची प्लास्टिकची बरणी घातलीये. आणि दुसरी चावी आता माझ्या मंगळसूत्राच्या डबीत आहे.